उंदराच्या मापाने मोजलेलं रक्त

भिलाईला मी दोनदा गेले. पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्याजवळ बर्फाने भरलेले तीन थर्मास होते आणि अंगात भलताच तोरा होता. दुसऱ्यांदा गेले ती या हिवाळ्यात. या खेपेला थर्मास नव्हते, आणि तोऱ्याचं म्हणाल तर तो दुर्ग स्टेशन यायच्या आधीच उतरला होता.

पुण्याच्या माणसाला नागपूर म्हणजेच पृथ्वीचं टोक वाटतं. त्याच्याही पुढे चार-पाच तास रेल्वेने जावं, मध्य प्रदेशातल्या छत्तीसगडात शिरावं, आणि तिथे घराघरातून मराठी ऐकू यावं, हे आमच्याकडे सांगून पटत नाही. “भिलाईला? तिथे काय आहे? धूरच ना?” असं मला निघताना तिघांनी तरी विचारलं. धूर आहे. पण रुंद सावलीचे रस्ते आहेत, एकसारखे क्वार्टर आहेत, प्रत्येक क्वार्टरपुढे कोथिंबिरीचा एक तरी वाफा आहे, आणि भोंगा झाला की हजारो सायकली एकदम रस्त्यावर येतात. विदर्भातून आलेली पुष्कळ कुटुंबं इथे दोन पिढ्या नांदताहेत. कोणी साहेब, कोणी कारकून, कोणी भट्टीवर. त्या भट्टीवरच्या एका माणसापुढे मला उभं राहायचं होतं.

का, ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याविषयी गैरसमज राहणार नाही. जितका वाईट समज व्हायला हवा, तितका खुशाल होऊ द्यावा.

मी डॉक्टर आहे, पण औषध देणारी नव्हे. माझी डॉक्टरकी उंदरांपुरती. आपल्या रक्तात काही मारक पेशी असतात. शरीरातली एखादी पेशी बिघडली, तिच्यात विषाणू शिरला, की या पेशी तिला चिकटतात आणि आपल्याजवळचं एक विकर तिच्या पोटात सोडतात. विकर म्हणजे शरीरातली बारीकशी कात्रीच. ती आत जाऊन नेमक्या जागी कापते, आणि बिघडलेली पेशी आपलं आपण मरायला लागते. ही कात्री किती धारदार आहे हे मोजण्यासाठी आम्ही एक आमिष बनवतो. कात्रीने ते कापलं की पिवळा रंग सुटतो. रंग गडद तर कात्री तेज, रंग फिका तर कात्री बोथट. सहा वर्षं खपून मी हे आमिष असं जुळवलं होतं की उंदराची कात्री त्यावर तुटून पडायची. त्याचा मला फार अभिमान होता.

मग माझ्या मनात आलं की आता माणसं मोजावीत. कोक ओव्हनच्या, म्हणजे कोळसा भाजणाऱ्या भट्ट्यांच्या, धुरात वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांच्या मारक पेशींचं काय होतं, हे पाहायचं ठरवलं आणि दोन वर्षांपूर्वी थर्मास घेऊन भिलाईला आले. कामगारांनी बाह्या वर करून रक्त दिलं. पुण्याला नेऊन तपासलं तर रंग सगळ्यांचा फिका. तुलनेसाठी माझ्या प्रयोगशाळेतल्या चौघांचं रक्त लावलं होतं, त्यांचाही फिका. तिथेच मी थांबायला हवं होतं. पण धुराने कात्री बोथट होते हे मला हवं होतं आणि ते मिळालं होतं, म्हणून आमच्या चौघांचे नमुने नीट ठेवले गेले नसतील असं मी स्वतःला सांगितलं.

रक्त दिलेल्यांपैकी एकानेच मला पत्र पाठवून विचारलं, की माझा नंबर काय आला? देवाजी रामटेके, कोक ओव्हन, हीटिंग विभाग. असं एकेकाला कळवायचं नसतं, हा आमच्या धंद्यातला साधा नियम. पण एक कामगार आपणहून विचारतो याचं मला कौतुक वाटलं. मी संस्थेच्या छापील कागदावर टाइप करून कळवलं, की आपल्या मारक पेशींचं हत्यार बोथट आढळलं आहे, तरी संसर्गापासून जपावं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी पुढे लिहिलं: ताट-वाटी वेगळी ठेवावी, रोज उकळावी, गर्दीत जेवू नये, लहान मुलांना जवळ घेऊ नये. हे कशाच्या आधारावर लिहिलं, हे आज मला कोणी विचारलं तर उत्तर नाही. सल्ला दिला की आपण मोठे वाटतो, एवढंच त्यातलं खरं.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या एका विद्यार्थिनीने माणसाच्या त्याच मारक पेशी कर्करोगाच्या पेशींबरोबर एका ताटलीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर कर्करोगाच्या पेशी साफ मेलेल्या. आणि माझं आमिष मात्र पिवळं व्हायला तयार नाही. माणसाची कात्री उत्तम होती. ती फक्त उंदराच्या कात्रीसारखी कापत नव्हती. दोन्ही एकाच घराण्यातल्या, पण माणसाच्या कात्रीला आमिषात एका जागी वेगळा घटक लागतो. मी माणसांना उंदराच्या मापाने मोजलं होतं. ज्या नियतकालिकात माझा निबंध आला होता त्यांना मी आठवड्याच्या आत चूक कळवली. रामटेक्यांना आठ महिने कळवली नाही. चार वेळा पत्र लिहायला घेतलं, चार वेळा फाडलं.

आणि मग त्यांचंच आंतर्देशीय पत्र आलं. “सप्रेम जय भीम. आपल्या सूचनेप्रमाणे दोन वर्षं वेगळं ताट पाळतो आहे. आमच्या करुणाला मुलगी झाली. ती आता चौदा महिन्यांची आहे. मी अजून तिला हात लावला नाही. लावला तर चालेल काय, ते कृपया कळवावे.”

त्या पत्राला पत्राने उत्तर द्यायची माझी छाती झाली नाही. मी तिकीट काढलं.

सेक्टरमधलं क्वार्टर

शुक्रवारी सकाळी दुर्गला उतरले. पॉवर हाउस नावाच्या भागातल्या लॉजवर पिशवी टाकली, अंघोळ केली आणि रिक्षा करून सेक्टर गाठला. भिलाईत पत्ता सांगण्याची रीत मला फार आवडते. आमच्याकडे मारुतीच्या मागे, पिठाच्या गिरणीवरून डावीकडे असं चालतं. इथे सेक्टर, स्ट्रीट, क्वार्टर, तीन आकडे की झालं. मनात म्हटलं होतं की घर सापडायला वेळ लागेल, तेवढीच उसंत. रिक्षावाल्याने सात मिनिटांत दारात नेऊन सोडलं.

रामटेके अंगणात वालाच्या वेलाला मांडव बांधत होते. पन्नाशीचा, उंच, काटक माणूस, मनगटांवर भट्टीचे जुने डाग. मला पाहून सुतळी हातातच राहिली.

“अरे बाप्पा! मॅडम? तुमी सोता आल्या? अवं सुभद्रे, पाह्य कोण आलं! पुण्याच्या मॅडम!”

सुभद्राबाई पदराला हात पुसत आल्या. त्यांनी मला हाताला धरून आत नेलं, खुर्ची पुसली, पाणी दिलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि तिच्या खाली काच लावून, चौकट करून, माझं पत्र. संस्थेचं बोधचिन्ह ओळखीचं वाटलं म्हणून जवळ जाऊन पाहिलं. खाली माझी वळणदार सही होती.

“लेखी होतं न, म्हणून फ्रेम केलं,” रामटेके म्हणाले. “लोकं विचारतात, कावून पंगतीत बसत नाई बा? मंग मी दाखवून देतो.”

मी आल्या आल्या सांगून टाकणार होते. गाडीत वाक्यं पाठ केली होती. पण सुभद्राबाईंनी जेवायला बसवलं. भाकर, बेसनाच्या पाटोडीचा रस्सा, हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि छत्तीसगडची लाल भाजी. रस्सा इतका झणझणीत की डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या पाण्याचा मला आधारच वाटला. मी आत पाटावर, सुभद्राबाई माझ्यासमोर. रामटेके कुठे दिसेनात म्हणून मान वळवली, तर ते मागच्या व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून एकटे जेवत होते. जेवण झाल्यावर त्यांनी आपलं ताट आपण घासलं, सुभद्राबाईंनी चिमट्याने धरून ते उकळत्या पाण्यातून काढलं, आणि रामटेक्यांनी ते व्हरांड्यातल्या खिळ्याला टांगलं. त्या ताटाच्या काठाला छिद्र पाडून तार ओवली होती.

मी ताटाकडे पाहते आहे हे त्यांनी पाहिलं.

“माह्या बापानं भंडाऱ्याकडचं गाव सोडलं, कावून सोडलं माहीत हाये मॅडम?” ते हात पुसत म्हणाले. “गावच्या हॉटेलात त्याचा कप बाहेर खिळ्याले लटकवून राहे. आपला कप आपण काढाचा, पिवाचा, धुवाचा, पुन्हा लटकवाचा. एक दिवस त्यानं थो कप फोडला अन् तसाच पायी निंघाला. इथं प्लँट उभा होऊन राहिला होता. मले सांगे, देवा, भिलाईत सगळ्याईचा एक नळ, एक कँटीन.” ते हसले. “अन् आता पाहा, माहं ताट खिळ्याले! सुभद्रा पयलं पयलं लय रडे. मी म्हटलं, अवं, हे वेगळं हाये. हे सायन्स हाये.”

 छापील कागदावर “ताट वेगळं ठेवावं” असं टाइप करताना ते कोणाच्या घरी जाणार आहे हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. माझ्या घरात कोणाचा कप कधी बाहेर टांगला गेला नाही. टांगणाऱ्यांत मात्र आमचे कोणी असतील.

“मॅडम,” रामटेके म्हणाले, “पोरीले हात लावू का मंग?”

त्या वेळी मी जे केलं ते लिहिताना आजही कानशिलं तापतात. मी त्यांची नाडी धरली. डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली. “जीभ दाखवा,” म्हणाले. त्यांनी शहाण्या मुलासारखी जीभ बाहेर काढली. मी दोन क्षण गंभीर चेहऱ्याने त्या जिभेकडे पाहिलं, जणू तिच्यावर काही लिहिलेलं होतं, आणि म्हणाले, “आता सगळं ठीक आहे, रामटेके. ताकद भरून आली आहे. नातीला खुशाल घ्या.”

मला वाटलं होतं, मी सुटले. त्यांना नात मिळाली, माझी अब्रू राहिली, दोघांचंही भलं झालं.

रामटेके सुभद्राबाईंकडे वळले. चेहरा उजळला होता. “आयकलं का? मतलब ताटानं गुण आला! मी म्हटलं नव्हतं? आता तं जिंदगीभर सोडत नाई.”

बाजारातला चीला

शनिवारी सकाळी रामटेक्यांनी मला सेक्टरच्या बाजारात न्याहारीला नेलं. हवेत बोचरी थंडी होती. एक बाई शेगडीवर तांदळाच्या पिठाचे चीले घालत होती, आपल्या घावनासारखे पण जाड आणि मऊ, वर टोमॅटोची चटणी. आपल्याकडे घावन म्हणजे घरचा प्रकार, रस्त्यावर उभं राहून खायचा नव्हे. इथे साहेब आणि मजूर एकाच बाकावर बसून खातात. रामटेके बाकावर बसले नाहीत. त्यांनी खांद्याच्या झोळीतून आपलं तार लावलेलं ताट काढलं आणि बाईपुढे धरलं. तिला सवय असावी. तिने वरूनच चीला सोडला.

तेवढ्यात त्यांच्या खात्यातला एक सोबती, साहू नावाचा, सायकल लावून आला. इथलाच, छत्तीसगडी माणूस. त्याला खोकला लागला होता, बोलता बोलता दोनदा थांबावं लागलं. रामटेक्यांनी त्याला आदल्या दिवशीची सगळी हकीकत सांगितली असणार, कारण तो माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला.

“मेडम, महूं अलग थारी म खाहूं का? रामटेके भइया ल फायदा होगे कहिथे.”

मीही वेगळ्या ताटात जेवू का, असं तो विचारत होता. म्हणजे यानेही आता ताट खिळ्याला टांगायचं. आणि याचं पाहून आणखी कोणी. माझ्या हातातला चीला तसाच राहिला. मी त्याला म्हटलं, “नाही. तुम्ही आधी दवाखान्यात जाऊन छाती दाखवा. ताटाने काही होत नाही.”

“मंग मले कसं झालं?” रामटेक्यांनी विचारलं.

“तुम्हाला काही झालंच नव्हतं,” मी म्हणाले.

आणि मग तिथेच, चीलेवाली, साहू आणि येणारी-जाणारी माणसं यांच्यात, सगळं सांगितलं. कात्री, आमिष, पिवळा रंग. उंदराची कात्री एका ठिकाणी कापते आणि माणसाची थोड्या वेगळ्या ठिकाणी. तुमच्या रक्तात पहिल्यापासून काहीच उणं नव्हतं. उणं होतं ते माझ्या मापात. काल तुमची जीभ पाहिली तेही ढोंग होतं, मला जिभेतलं काही कळत नाही.

 रामटेक्यांनी ताट बाकावर ठेवलं. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“मी हीटिंगमधी हावो,” ते शेवटी म्हणाले. “भट्टीच्या पोटातली आग मीटरनं पाह्यतो. चोवीस साल झाले. कधी कधी मीटर खोटं दाखवते. मंग आमी मीटरले लाल टॅग लावतो. तारीख टाकतो, सही करतो. मीटरले लावतो मॅडम. भट्टीले नाई.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुमी भट्टीले टॅग लावला.”

मी मान खाली घातली.

“हे तुमाले कधी समजलं?”

हा प्रश्न येऊ नये म्हणून मी मनात देवाचा धावा करत होते, आणि देव मानत नसल्यामुळे त्याने ऐकलं नाही. “उन्हाळ्यात,” मी म्हणाले.

“उन्हाळ्यात.” त्यांनी बोटांवर मोजलं. “तवा पोरगी सहा महिन्याची होती. बसतबी नव्हती.”

साहू सायकलचं हँडल धरून खाली बघत होता. चीलेवालीने तव्यावरचा चीला उलटायचं विसरून तो करपवला. मी “चुकलं माझं” असं काहीतरी पुटपुटले. रामटेक्यांनी ते हाताने थांबवलं.

“इथं नोका सांगू. लेखी द्या. पयलं लेखी होतं न, मंग हेबी लेखी पायजे. अन् थे विहारात वाचलं होतं, सगळ्याईसमोर. हे बी विहारात वाचा. उद्या इतवार हाये. तुमी सोता वाचा.”

मी होकार दिला. दुपारभर लॉजच्या खोलीत बसून तो कागद लिहिला. पहिल्या खर्ड्यात “तांत्रिक कारणामुळे निष्कर्षात तफावत आढळल्याने” असं वाक्य आलं होतं. आमच्या धंद्यात चूक अशीच लिहितात, म्हणजे ती कोणीच केलेली नसते. ते खोडलं आणि “मी चुकले” असं लिहिलं. हे दोन शब्द लिहायला मला सबंध दुपार लागली.

संध्याकाळी कागद दाखवायला क्वार्टरवर गेले. रामटेके ड्यूटीवर गेले होते. सुभद्राबाईंनी चहा दिला, समोर बसल्या, आणि शांतपणे म्हणाल्या, “बाई, दोन साल मी थे ताट उकळलं. हात भाजले. नवऱ्याले भिताडाकडं तोंड करून जेवताना पाह्यलं. तुमी शिकल्या-सवरल्या. एक पोस्टकार्ड नाई टाकू शकल्या?”

मी म्हटलं, “लाज वाटली.”

“आमाले नाई वाटली का?” त्या म्हणाल्या, आणि उठून दिवा लावायला गेल्या.

विहार

रविवारी सकाळी विहारात साठ-सत्तर माणसं असतील. पांढरे शुभ्र कपडे, पुढे बायका, मागे पुरुष, मुलं दारात. वंदना झाली, पंचशील झालं. माझ्या शेजारच्या बाईने सरकून मला सतरंजीवर जागा दिली. त्या जागेची मला भीती वाटत होती. नंतर रामटेके उभे राहिले आणि म्हणाले, “पुण्याच्या मॅडमले काही वाचाचं हाये.” एवढंच. माझी बाजू सावरणारं एकही वाक्य त्यांनी उच्चारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

मी आजवर मोठमोठ्या सभांमधून निबंध वाचले आहेत.  इथे एक साधा कागद घेऊन उभी राहिले. वाचलं. माझं माप उंदराचं होतं. माणसाचं विकर वेगळं असतं हे मी तपासून पाहायला हवं होतं, ते पाहिलं नाही. देवाजी रामटेके यांचं रक्त निरोगी आहे आणि पहिल्यापासून निरोगी होतं. वेगळ्या ताटाचा सल्ला निराधार होता. चूक कळल्यावरही मी आठ महिने गप्प राहिले.

वाचून झालं. मग पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने विचारलं, “पन बाई, पुण्यात मानसं नव्हते का? उंदरंच कावून मोजले?”

सगळे हसले. मलाही हसू आलं आणि त्याच्याच मागून रडू. मी सांगितलं, की आजी, उंदीर पिंजऱ्यात राहतो, काही विचारत नाही, म्हणून आधी उंदीर. पुष्कळ गोष्टी त्याच्यात आणि आपल्यात सारख्या असतात. म्हणून सगळ्याच सारख्या असतील असं वाटायला लागतं.

“वाटते तं खरं,” म्हातारी म्हणाली. “पन विचाराव मानसाले.”

त्या दिवशी विहारात जेवण होतं. वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी. पानं मांडली गेली. रामटेके दारात रेंगाळले. दोन वर्षांची सवय पायांत बसली होती. मग मुद्दाम ऐकायला आलेल्या साहूने त्यांना हाताला धरून पंगतीत बसवलं. पहिला घास त्यांनी घेतला तेव्हा त्यांच्या दोन्ही बाजूंची माणसं आपलं जेवण सोडून तिकडे पाहत होती. सुभद्राबाई वाढत होत्या. त्यांनी नवऱ्याच्या पानात भात वाढला, मग आणखी वाढला, ते “पुरे, पुरे” म्हणत राहिले.

उतई

जेवणं उरकून आम्ही तिघं टेम्पोने उतईला, करुणाच्या सासरी, निघालो. भिलाईपासून फार लांब नाही, पण रस्ता प्लँटपासून दूर जाऊ लागला की आभाळाचा रंग बदलतो. धानाची कापणी झाली होती. खळ्यांवर पेंढ्यांच्या गंज्या, कापलेल्या खाचरांतून चरणारी गुरं, बोरांची झुडपं. एरवी मी हे सगळं डोळे भरून पाहिलं असतं. रामटेके माझ्यासमोर बसले होते, धुतलेला सदरा, केसांना तेल. मांडीवर एक बाहुली होती. वाटेत त्यांनी ती तीनदा कागदातून काढून पाहिली. माझ्याशी ते शांतपणे बोलत होते. ही जमीन कोणाची, इथे विहीर किती खोल लागते, असं. मी क्षमा मागितली नव्हती असं नाही, पण त्यांनी ती केली असंही नाही, आणि विचारायचा मला अधिकार उरला नव्हता.

करुणाचं घर गावाच्या कडेला, मातीच्या भिंती आणि वर कवेलू, म्हणजे कौलं. जावई शेती सांभाळून रोज सायकलने कारखान्यात जातो. करुणाने आम्हाला दुरून पाहिलं. नेहमीप्रमाणे तिने वडिलांसाठी अंगणाच्या दूरच्या टोकाला खाट टाकायला घेतली.

“राहू दे थे,” सुभद्राबाई ओरडल्या. “तुहा बाप ठीक हाये! कधी बिमार नव्हताच!”

करुणाला काही उमगेना. आईने दाराशीच उभं राहून दोन वाक्यांत सगळं सांगितलं. करुणाने माझ्याकडे पाहिलं. “मतलब, ऐसे ही? दो साल? डिलिवरीच्या टाइमाले पापा दवाखान्याच्या बाहर खडे राहिले होते पूरी रात. बाहरच. ते सब ऐसे ही?”

“हो,” मी म्हणाले. 

तिने डोळे पुसले, आत गेली, आणि झोपेतून नुकत्याच उठलेल्या मुलीला घेऊन आली. गोल चेहरा, काजळाचे मोठाले डोळे, हातात भाताच्या पेंढीची एक काडी. रामटेक्यांनी दोन्ही हात पुढे केले.  त्यांनी बाहुली दाखवली, जिभेने टकटक आवाज केला. “ये माय, ये. मी तुहा आबा.”

मुलीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. दर महिन्याला अंगणाच्या पलीकडे खाटेवर बसणारा, कधी जवळ न येणारा एक माणूस आज एकदम जवळ आला होता. तिने ओठ काढले, आईच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि मोठ्याने भोकाड पसरलं. रामटेके एक पाऊल मागे सरले. पुन्हा थोडं पुढे आले. ती आणखी जोरात रडली.

“राहू द्या,” ते म्हणाले. “वळख व्हाले टाइम लागते.”

माझी परतीची गाडी संध्याकाळची होती, टेम्पो वळून उभा होता. निरोप घ्यायला मी करुणाजवळ गेले. मुलीने आईच्या खांद्यावरून मान काढून माझ्याकडे पाहिलं, माझ्या चष्म्याकडे पाहिलं, रडणं थांबवलं, आणि मला काही कळायच्या आत दोन्ही हात पसरून माझ्याकडे झेपावली. मला तिला धरावंच लागलं. ती उबदार होती, तिच्या डोक्याला तिळाच्या तेलाचा वास येत होता. ती माझा चष्मा ओढत खुदखुदून हसत होती. तीन हातांवर रामटेके बाहुली घेऊन उभे होते.

“पाहा,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. “तुमच्याकडं तं गेली.”

मी मुलीला त्यांच्याकडे द्यायला वळले. तिने माझी मान घट्ट धरली आणि सोडेचना.